आग्रह झाला तरी

काल दुपारी शेजारच्या आजोबांनी दाताळं बाहेर काढलं. सुकलेल्या पानांवरून त्याचे दात ओढले जातानाचा खरखर आवाज खिडकीतून आला आणि मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. आता दोन-तीन आठवडे माझं कशात लक्ष लागणार नाही. चहा करीन आणि प्यायला विसरेन. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईन आणि कशाला आले ते आठवणार नाही. इथली पानगळ बघायला लोक लांबलांबून गाड्या घेऊन येतात, रस्त्याच्या कडेला थांबून फोटो काढतात. मला त्या लाल-पिवळ्या झाडांकडे पाहिलं की निळ्या पुठ्ठ्याची एक वही आठवते, आणि हात आपोआप स्वेटरांच्या खणाकडे जातो. वही आता तिथे नसते. तरीही जातो.

दोन वर्षं झाली. १९८७ची पानगळ. मी पुण्याहून अमेरिकेत येऊन वर्ष होत आलं होतं आणि पार्सिपनीला मामांकडे राहून राज्यशास्त्रात एम.ए. करत होते. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, साठे. इथे वीस वर्षं इंजिनियर, आणि गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मामी एका लॅबमध्ये कामाला. त्यांना मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावरची मेपलच्या झाडाकडे उघडणारी खोली त्यांनी मी येण्याआधीच रंगवून ठेवली होती. पडदे मामांनी स्वतः टांगले होते, थोडे तिरके. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी जे केलं ते अशा घरात राहून केलं.

मी कमी बोलते. पुण्यात आमच्या इंग्रजी शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला की वर्गाबाहेर उभं करत. त्यामुळे मराठी माणसांत मराठी चुकेल म्हणून गप्प, आणि इथे वर्गात इंग्रजीचा हेल वेगळा म्हणून गप्प. गप्प माणसाला एक फायदा असतो, त्याच्यासमोर लोक सगळं बोलतात. तोटा असा की त्याच्या वतीनेही लोकच बोलतात.

त्या वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेला दोनशे वर्षं झाली होती. दुधाच्या खोक्यावरसुद्धा पिसाची लेखणी छापलेली. एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवरून टीव्हीवर दिवसदिवस प्रश्नोत्तरं चालायची आणि मामा ती ऑफिसातून आल्यावर बातम्यांत पाहायचे, पाय स्टुलावर, हातात चिवड्याची वाटी. घटना वाचायची ती शब्दाप्रमाणे, की लिहिणाऱ्यांच्या मनातल्या हेतूप्रमाणे, की आजच्या गरजेप्रमाणे? मामा मला म्हणायचे, "लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं, हाच खरा क्वेश्चन आहे. पण विचारणार कोणाला? सगळे कधीच गेले." आणि वाटीतले शेंगदाणे वेचून खायचे.

आमच्या वर्गातही तेच चाललं होतं. प्राध्यापिकाबाई बुटक्या, पाऊस असो नसो रबरी बूट घालून यायच्या, आणि एक प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत घड्याळाकडे बघत थांबायच्या. एकदा त्यांनी विचारलं, सरकारात आपणच निवडून दिलेली आपली चांगली माणसं असतील, तर त्यांचे हात बांधून ठेवायचं कारण काय? कोणी राजाची भीती म्हणालं, कोणी लोभ म्हणालं. डोरीन नावाची एक काळी मुलगी हॉस्पिटलची ड्यूटी संपवून पांढऱ्या बुटांतच वर्गात येत असे. हेतूचा विषय निघाला की ती खुर्चीत मागे रेलायची. त्या दिवशी ती म्हणाली, "लिहिताना त्यांच्या मनात मी नव्हतेच. मग त्यांच्या मनात काय होतं ते मी कशाला शोधत बसू? मला कागदावर काय आहे ते द्या. त्यावर मी माझं बघते." बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. मी वहीच्या कडेला रेघा ओढत होते. माझ्याकडे त्या दिवशी एक उत्तर होतं, आणि ते मामांच्या बेसमेंटमधून आलं होतं.

आमच्या मंडळाची घटना गणपतीच्या मखराबरोबर राहायची. कोणी तसं ठरवलं नव्हतं. मखराचं भलंमोठं खोकं दर अध्यक्षाच्या बेसमेंटमध्ये जायचं, आणि सुरुवातीला कधीतरी कोणीतरी मंडळाचे कागदही त्यातच टाकले होते. थर्मोकोलचे खांब, झिरमिळ्या, दिव्यांच्या माळा आणि तळाशी घटना. ती कोणी वाचायचं नाही, कारण ती काढायची तर मखर उपसावं लागे. सप्टेंबरात उत्सव उरकल्यावर मामा म्हणाले, "शुभा, बघ ग त्यात, शाळेच्या हॉलच्या परमिशनचं लेटर आहे का." मी कोपरापर्यंत हात घातला. पत्र मिळालं, टाइप केलेली घटना मिळाली, आणि खाली एक निळी वही. मंडळाच्या पहिल्या सभेची नोंद होती ती, मामांच्या अक्षरात. दहा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये पाच जण जमले होते. खुर्च्या चारच होत्या म्हणून पाचवा रेडिएटरवर बसला, हेसुद्धा मामांनी लिहिलं होतं. तरुणपणी मामा गमतीशीर असावेत.

टाइप केलेल्या घटनेत एक कलम होतं. कोणीही पदाधिकारी सलग दोन वर्षांहून अधिक काळ त्याच पदावर राहणार नाही. वहीत त्याची हकीकत होती. नोंद ठेवणारे मामाच, म्हणून स्वतःलाही त्यांनी आडनावानेच लिहिलं होतं:

"साठे म्हणाले, आपल्यात खुर्ची कोणी हिसकावून घेणार नाही. आपण ती वाढू, पंगतीत जिलबी वाढतो तशी, आणि घेणारा 'नको, नको' म्हणत घेईल. म्हणून नको म्हणायचं काम त्या माणसावर सोडू नये. आग्रह झाला तरी दोन वर्षं म्हणजे दोनच. मी असलो तरी."

मी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं. स्वेटरला थर्मोकोलचे कण चिकटले होते, ते झटकले तरी जात नव्हते. टर्म एक वर्षाची, आणि मामांची दुसरी टर्म नोव्हेंबरात संपत होती. आणि वरच्या मजल्यावर, आमच्या स्वयंपाकघरात, तिसऱ्या टर्मचा आग्रह सुरू होऊन महिना झाला होता.

लोक खरंच मनापासून म्हणत होते. मामांनी मुलांचा रविवारचा मराठी वर्ग सुरू केला होता, शाळेचा कॅफेटेरिया मिळवला होता. "साठे, तुम्ही सोडलंत तर प्रिन्सिपल दारात उभं करणार नाही आम्हाला," असं लोक पोळीचा घास मोडता मोडता म्हणायचे. मामा म्हणायचे, "नको हो, आता नव्या माणसांनी करावं." ते कसं म्हणायचे ते मी बघत होते. आपल्याकडे पानावर पहिलं नको असतं ते फक्त वाढणाऱ्याला हात पुढे करायला जागा देण्यासाठी. दुसरं जरा हळू. तिसऱ्याला वाटी पुढे येते. मामांचं दुसरं होऊन गेलं होतं.

त्याच टेबलावर माझंही काही वाढलं जात होतं. टेक्ससमधल्या अर्विंगला मामांच्या मित्राचा पुतण्या होता, कंप्यूटरमध्ये. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुटीत तो मला बघायला येणार असं ठरलं होतं. मी "नको" म्हणाले होते. अगदी हळू, पण म्हणाले होते. तीनदा. पहिल्यांदा मामा हसले. दुसऱ्यांदा मामीला म्हणाले, "लाजतेय." तिसऱ्यांदा त्यांनी विमानाची वेळ विचारायला अर्विंगला फोन लावला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्या भल्याचंच होतं सगळं, आणि त्यामुळे त्याला कुठून धरायचं तेच कळत नव्हतं.

वही मी स्वेटरांखाली ठेवली. दोन महिने. मेपलची पानं आधी कडेने लाल झाली, मग पूर्ण, मग एका वाऱ्यात अर्धं झाड रिकामं. मी अभ्यासाला बसायची आणि उठायची. वही परत खोक्यात टाकावी, तर ती आता वाचलेली होती. मामांच्या हातात द्यावी, तर ते वाचतील, हसतील, "अगं, तेव्हा आम्ही पोरं होतो," म्हणतील, आणि ती पुन्हा मखराखाली जाईल. वर्गात बाई सांगत होत्या की घटना लिहिणाऱ्यांनी स्वतःचेच हात बांधून घेतले, कारण त्यांना माणसं माहीत होती. मी मनात म्हणत होते, माझ्या घरात एक घटनाकार जिवंत आहे. पाय स्टुलावर ठेवून चिवडा खातो. त्याला विचारता येतं. मला विचारता येत नव्हतं.

दिवाळीला आम्ही गजभिये काकांकडे गेलो. पहिल्या पाचांपैकी आता गावात दोघंच उरलेले, मामा आणि ते. नागपूरचे, पुलांची डिझाइन करतात. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एकच फोटो, निळ्या सुटातले, पुस्तक छातीशी धरलेले बाबासाहेब. खाली कपाटाच्या वरच्या खणात भारताची राज्यघटना, जाड, खादीच्या कापडात बांधलेली. मी तिकडे बघत होते ते काकांनी पाहिलं. "माझ्या बापाला वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "रोज सकाळी पुसायचा फक्त. मी इकडे येताना त्याने मिठाई नाही दिली, हे दिलं." मग मामांकडे वळून, त्याच आवाजात, "साठे, मी तुमच्या विरोधात मत देऊन राहिलो बरं का. घ्या, चकली घ्या."

"गजभिये, माझ्याबद्दल काय कंप्लेंट आहे तुमची?"

"काहीच नाही. तुमच्यासारखा अध्यक्ष झाला नाही. म्हणूनच."

मामा हसले. येताना गाडीत मात्र म्हणाले, "हा माणूस नियमाला फार चिकटतो." मी मागच्या सीटवर होते. मला वाटलं, ज्याला आयुष्यात कधी नियमाच्या भिंतीला पाठ टेकावी लागली नाही, त्याला ती वाटेतली अडचणच दिसणार.

सभा थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी, शाळेच्या कॅफेटेरियात. टेबलांना खालून चिकटवलेली च्युइंगगम, भिंतीवर मुलांनी रंगवलेले टर्की पक्षी, आणि मध्ये चिवडा-लाडवांच्या ॲल्युमिनियमच्या पराती. सेक्रेटरीबाईंना बाळ झालं होतं, म्हणून सभेची नोंद मी ठेवायची होती. पर्समध्ये वही होती. का घेतली ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरून निघताना स्वेटर काढला आणि ती हाताला लागली.

निवडणुकीचा विषय आला आणि पंगत सुरू झाली. "साठेच पाहिजेत." "नको, नको." "असं कसं, साठेसाहेब." "अहो, खरंच नको." लोक हसत होते. तेव्हा गजभिये काका उठले आणि म्हणाले, कलम आहे.

"कलम आम्हीच लिहिलंय," मामा म्हणाले. "तुम्ही आणि मी. त्या कलमामागे काय इन्टेन्ट होतं ते मला विचारा ना."

"विचारतो. काय होतं?"

"जो खुर्चीला चिकटून बसेल त्याच्यासाठी होतं ते. मी चिकटलोय का? मी तर नको म्हणतोय. हे सगळे ऐकत नाहीयेत."

मोठा हशा झाला. काका हसले नाहीत. "माझ्या आठवणीत वेगळं आहे," ते म्हणाले, "पण तुमची आठवण विरुद्ध माझी आठवण, याने काय होते? कागद वाचा. शुभा बेटा, तुझ्याकडे आहे ना टाइप केलेला? कलम वाच."

मी उभी राहिले. कलम इंग्रजीत होतं, एका वाक्याचं. वाचलं. खाली बसायचं होतं. बसले नाही. वही उघडली आणि "साठे म्हणाले" इथून सुरुवात केली. माझा आवाज मला अनोळखी वाटत होता, कुठेतरी पायांतून येत असल्यासारखा. जिलबीशी कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही. "मी असलो तरी" वाचल्यावर मी मान खालीच ठेवली. टेबलावर कोणीतरी बॉलपेनने बदाम कोरला होता, त्याच्याकडे बघत राहिले.

मामा माझ्यापाशी आले. वही हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिली. "अक्षर माझंच आहे," म्हणाले. मागून एक जण म्हणाला, "अहो, तेव्हाची गोष्ट वेगळी होती, साठे. आता आमचं ऐका." मामांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर हात आडवा धरला. जेवताना पानावर धरतात तसा. ज्याचं पोट खरंच भरलं आहे तो धरतो तसा. "नको," ते म्हणाले. या वेळी वाढायला कोणी पुढे झालं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये गजभिये काका माझ्याजवळ आले. मला वाटलं शाबासकी देतील. ते म्हणाले, "वही वाचायची गरज नव्हती, बेटा. कलम पुरे होतं. उद्या कोणाच्या वहीत याच्या उलटं लिहिलेलं निघालं तर काय करशील?" आणि गाडीच्या काचेवरची ओली पानं हाताने पुसायला लागले. हा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे. मी कागदाच्या बाजूने लढले की मनाच्या? डोरीनला हे सांगायचं होतं, पण ती पुढच्या सेमिस्टरला दिसली नाही.

घरी येताना मामी गाडी चालवत होती. मी मागे, मांडीवर उरलेल्या चिवड्याची परात. मामा समोर बघत म्हणाले, "घरी दाखवली असतीस तर?"

"घरी तुम्ही मामा आहात," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"घरी माझं नको तुम्हाला ऐकू येत नाही."

मामीने इंडिकेटर लावला. वळण येईपर्यंत त्याची टकटक चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात होते आणि मामा फोनवर. "ती नको म्हणतेय," ते सांगत होते. पलीकडून बरंच काही आलं असावं. "नाही, नाही. लाजत नाहीये. नको म्हणतेय." फोन ठेवून ते तसेच उभे राहिले. त्यांना मी दिसले, पण दिसले नाही असं त्यांनी केलं. नाताळपर्यंत ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मीठ दे, पत्र आलंय, दार लाव. मामी एकदा भांडी पुसताना म्हणाली, "तुझं बरोबर होतं. पण या घरात सध्या जेवताना चमच्यांचाच आवाज होतो बघ." मी बरोबर होते आणि मला झोप येत नव्हती. त्या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे मला कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं. पडदे अजून तिरकेच होते. मे महिन्यात मी ती खोली सोडली.

त्याच सभेत आणखी दोन ठराव झाले. एक, मंडळाचे कागद मखरापासून वेगळे ठेवायचे. दोन, नवी सेक्रेटरी शुभा. मी दोन्हीला हो म्हणाले, पहिल्याच वेळेला. तेव्हापासून कागद माझ्याकडे आहेत. आधी मामांकडच्या खोलीत, मग इथे, वीस मिनिटांवरच्या या भाड्याच्या खोलीत, बुटांच्या खोक्यात. तारखेप्रमाणे लावलेले, वही सर्वांत वर.

काल दाताळ्याचा आवाज चालू असतानाच फोन वाजला. मामा होते. आता आमचं पुन्हा बरं आहे. पूर्वीसारखं नाही, पण बरं आहे. "रविवारच्या सभेची तयारी झाली?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "सगळे म्हणतायत सेक्रेटरी तीच राहू दे. कागद इतके नीट कधीच कोणी ठेवले नव्हते म्हणे."

"नको, मामा. दोन वर्षं झाली."

"तेच मी सांगितलं त्यांना. म्हटलं, ती नको म्हणेल आणि तिचं नको म्हणजे नको. बरं, ठेवतो. सांभाळून ये."

पलीकडून फोन ठेवला गेला. मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. माझ्याकडे बरंच काही तयार होतं. नव्या माणसाला फाइलिंग समजायला वेळ लागेल, जुनी पत्रं अजून लावायची आहेत, यंदापुरतं बघते हवं तर. हे सगळं मी कधी जुळवून ठेवलं होतं ते मलाच माहीत नव्हतं. मामांनी फक्त अजून एकदा म्हणायला हवं होतं.

मी बुटांचं खोकं टेबलावर घेतलं, नव्या सेक्रेटरीसाठी चिठ्ठी लिहून आत ठेवली, झाकण लावलं. बाहेर आजोबांनी पानांचा ढीग केला होता आणि वारा तो पुन्हा पसरत होता. थोड्या वेळाने मी परत फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि तो चालू आहे ना, ते पाहिलं.